मुलीची माहिती सोबत जोडली आहे

मस्कतमध्ये दार्सैतच्या कृष्णमंदिरात शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, इतकी गर्दी असते, की देव दिसला नाही तरी चालेल पण आपल्या चपला दिसू देत, असं माणूस मनात म्हणतो. देविका त्याच प्रार्थनेत होती. एका पायात चप्पल, दुसरीचा पत्ता नाही, हातात प्रसादाचा द्रोण… आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,

“एक्सक्यूज मी — तुम्ही देविका ना?”

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कपाळावर ओलं गंध. आणि कान लालभडक. मार्चच्या उन्हानं नक्कीच नव्हेत.

“हो. आपण?”

“मी जितेश. तुमच्या बाबांना माझा नंबर विशाखाकाकूंनी दिला होता.”

म्हणजे हे ते स्थळ! विशाखाकाकू या मस्कतमधल्या मराठी मंडळाच्या खजिनदार, आणि उरलेल्या वेळात लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. मुलगा मूळचा चिपळूणचा, स्ट्रक्चरल इंजिनियर, अल अमेरातला एकटा राहतो, अशी सगळी कुंडली त्यांनी आईला तोंडपाठ म्हणून दाखवली होती. बाबांनी दोन आठवड्यांपूर्वी बायोडेटा पाठवला. त्यावर समोरून एक अक्षर आलं नाही. ‘नसेल पसंत,’ म्हणून आईनं विषय मिटवला होता. आणि आज हा इथे उभा!

“दोन मिनिटं बोलायचं होतं,” तो म्हणाला. “पण… जरा बाजूला.”

गाड्यांच्या रांगेमागे, एका भिंतीच्या सावलीत त्यानं फोन काढून तिच्यासमोर धरला. बाबांचा मेसेज होता. ‘सप्रेम नमस्कार. मुलीची माहिती सोबत जोडली आहे. योग्य वाटल्यास कळवावे. आपला, गुरुदत्त.’

आणि खाली जोडलेली होती ती माहिती. बायोडेटा नव्हे, मोरपंखी साडीतला फोटो नव्हे. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. नाव देविका, वय अठ्ठावीस. थायरॉइडची उजवी बाजू, गाठ सहा मिलिमीटर. आणि त्याखाली ठळक अक्षरांत तो शब्द, जो त्यांच्या घरात महिनाभर कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. कॅन्सर.

देविकाच्या हातातला द्रोण कलंडला. शिरा तिच्या ओढणीवर, थोडा त्याच्या बुटावर.

“मी कुणालाही दाखवलं नाही,” तो घाईघाईनं म्हणाला. “काकूंना नाही, चिपळूणला नाही. फोन करणार होतो, पण असं फोनवर कसं सांगायचं… काकूंनी गणपतीच्या ग्रुप फोटोत तुम्हांला दाखवलं होतं, शुक्रवारी तुम्ही इथे येता असंही म्हणाल्या होत्या. म्हणून गेल्या शुक्रवारीही आलो होतो. तुम्ही दिसला नाहीत.”

“आणि आता?”

“आता हे तुमच्यासमोर डिलीट करतो.”

त्यानं केलं. मग डाउनलोडमध्ये जाऊन तिथूनही केलं. मग आणखी कुठेतरी जाऊन पुन्हा एकदा शोधलं. एवढ्या निगुतीनं कुणी आपली भानगड पुसून टाकताना देविकानं पहिल्यांदाच पाहिलं. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

“थँक्यू,” ती कशीबशी म्हणाली आणि वळली. एकाच चपलेनिशी.

“देविका…” तो मागून म्हणाला. “बाबांनी लिहिलंय, योग्य वाटल्यास कळवावे.”

“मग?”

“मग… कळवतोय.”

एवढं बोलून तो चक्क पळाला. शिरा लागलेल्या बुटांसकट.

आता ही गाठ सापडली कशी तेही सांगायला हवं. देविका रुवी भागात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होती. बंदरात अडकलेले कंटेनर फोनवर ओरडून ओरडून सोडवायचे, हे तिचं काम, आणि ते तिला शोभायचं. पायाला भिंगरी, जिभेवर अरबी ‘यल्ला यल्ला’, म्हणजे चला चला. ऑफिसनं जानेवारीत सगळ्यांचं हेल्थ चेकअप करवलं. पॅकेजमध्ये मानेची सोनोग्राफी होती, म्हणून तीही झाली. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सोनोग्राफीत ठिपका दिसला, म्हणून त्या क्लिनिकनं उत्साहानं सुई घातली, आणि सुईनं नको ते सांगितलं.

“इतनी छोटी गाँठ में सुई डालने की ज़रूरत ही नहीं थी,” मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर जोहरा म्हणाल्या होत्या. त्या ओमानी, पण शिक्षण पुण्यात झालेलं, त्यामुळे हिंदी फर्डं. “एक सेंटीमीटर के नीचे हम अक्सर छेड़ते ही नहीं. लेकिन अब पता चल गया तो चल गया. सुनो, ये कैंसर है, मैं छुपाऊँगी नहीं. पर बहुत छोटा है और बहुत आलसी. आवाज़ की नस से दूर है, साँस की नली से दूर है, गले में और कहीं फैला नहीं.”

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे ऑपरेशन. अर्धी थायरॉइड काढायची, मोकळं व्हायचं. पण आवाजाच्या नसेला धक्का लागण्याची थोडी भीती, आणि कदाचित जन्मभर रोज सकाळी गोळी. दुसरी वाट म्हणजे काहीच करायचं नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि नजर ठेवायची. अशा बहुतेक गाठी वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. हलली, तर तेव्हा काढायची, तेव्हाही उशीर झालेला नसतो.

कागदावर दुसरी वाट सोपी. पण देविकाला नुसतं बसून राहायला सांगणं, म्हणजे माशाला झाडावर जाऊन बस म्हणण्यासारखं! तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यातून एक मसूर काढून पट्टीनं मोजला. जवळजवळ सहा मिलिमीटर. त्या दिवसापासून घरात मसुराची आमटी बंद. दिवसातून वीसदा बोटं गळ्याकडे जायची. ऑफिसात लिफ्टच्या आरशात, घरात बाथरूमच्या आरशात, टॅक्सीच्या काचेत… बोटांना काही लागायचं नाही, तरी मन म्हणायचं, आहे, आहे, वाढतेय.

मंदिरातून परतल्यावर तिनं घरी सगळं सांगून टाकलं. बाबा सोफ्यावर बसले ते बसलेच. बावीस वर्षं शिपिंग कंपनीत कागदपत्रं सांभाळली, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, आणि घरच्या मुलीच्या बाबतीत हे! दोन्ही फाइलींना नाव त्यांनीच दिलेलं होतं, ‘देविका फायनल’. चष्मा तेव्हा डोळ्यांवर नव्हता, डोक्यावर होता.

आईनं, म्हणजे सुरेखाताईंनी, आधी नवऱ्याचा उद्धार केला. मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, “आणि तरी तो हो म्हणतोय?”

“हो म्हणतोय असं काही नाही गं. भेटू म्हणतोय.”

“दया आली असेल त्याला. चांगल्या घरचा आहे, म्हणून नाही म्हणवत नाही.” आई ओटा पुसत होती, वर न बघता. “दयेवर संसार होत नाही, देवू. आधी पुण्याला जाऊन ते काढून टाक. मोकळी हो. मग ताठ मानेनं लग्नाचं बोलू.”

दया! हा शब्द काही देविकाच्या डोक्यातून जाईना. सहा मिलिमीटरच्या शेजारी तोही येऊन बसला.

जितेश मात्र भेटत राहिला. रुवीत ऑफिस सुटल्यावर उकळून उकळून दाट केलेला करक चहा, दोघांच्या मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर गरम पराठ्याचा कागद. पहिल्याच आठवड्यात तिनं फर्मावलं, “ते ‘तुम्ही’ बंद कर. मला मी मुख्याध्यापिका झाल्यासारखं वाटतं.”

“बरं, बाई.”

“बाई पण नको!”

तो हसला की आधी डोळे हसायचे, ओठ मागून यायचे. बोलायचा कमी. पण ती बोलत असली की फोन पालथा ठेवायचा. तिनं ‘झोप लागत नाही’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी विचारायचा, “लागली?” तिचं एखादं वाक्य अर्धवट राहिलं, तर दहा मिनिटांनी तो तिथूनच उचलायचा. हे सगळं फार गोड होतं. आणि हेच तर देविकाला छळत होतं. इतका शांतपणा! कुणी आजारी माणसाजवळ बसतं, तसाच हा माझ्याजवळ बसतो का?

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती म्हणाली, “तू दिवसभर करतोस तरी काय? दाखव मला.”

तो तिला अमेरातला घेऊन गेला. डोंगराच्या पायथ्याशी घरांची एक रांग होती, आणि मागे डोंगर अडवून धरणारी लांबलचक भिंत. भिंतीला एक बारीक तडा गेलेला. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख.

“ही दोन वर्षांपूर्वीची,” तो बोट ठेवून म्हणाला. “ही मागच्या वर्षीची. ही जानेवारीतली. बघ, तडा जिथे होता तिथेच आहे. लोक म्हणतात, पाडून नवी बांधा. प्रत्येक तडा पाडायचा नसतो गं. काही नुसते बघत राहायचे असतात.”

देविका त्या रेघांकडे बघत राहिली. मग एकदम फणकारली. “मला इथे शिकवायला आणलंस होय?”

“नाही, म्हणजे —”

“मी भिंत नाही, जितेश. भिंतीला रात्री जाग येत नाही. भिंत आरशात मान वळवून बघत नाही. तुझी पेन्सिल तुझ्याकडेच ठेव!”

ती तरातरा गाडीत जाऊन बसली. आणि वर, तिच्यासारखंच काहीतरी बिनसल्यागत, आभाळ काळं झालं. मस्कतचा पाऊस वर्षातून दोनचारदा येतो, पण येतो तो सगळा राग घेऊन येतो. वादी अदाईकडे उतरेपर्यंत काचेवर थेंब नव्हे, पत्र्यावर खडे पडावेत असा आवाज. पुढे पोलिसांची गाडी आडवी. वादी, म्हणजे एरवी कोरडा पडलेला ओढा, वाहू लागली होती, रस्ता बंद. गढूळ, तांबूस पाणी खडकांवरून उड्या मारत चाललं होतं. मागे गाड्यांची रांग लागली. कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी खाली उतरून व्हिडिओ काढतंय.

जितेशनं इंजिन बंद केलं. सीट थोडी मागे घेतली. “उतरेल पाणी. तास-दीड तास.”

देविकानं एकदा दार उघडून पाहिलं, भिजली, दार लावलं. घरी फोन केला. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पुन्हा दार उघडलं. शेवटी तिचा बांध फुटला.

“तुला कशाचीच घाई कशी नाही रे?”

“घाई केली तर पाणी उतरतं का?”

“नाही उतरत! पण माणूस करतो घाई. माणसाचा जीव वर-खाली होतो. तुझा होतो कधी?” काचेवरून पाणी ओघळत होतं, बाहेरचे दिवे फुटल्यासारखे दिसत होते. मग तिनं हळूच, त्याच्याकडे न बघता विचारलं, “जितेश… तुला माझी दया येते का?”

एक क्षण… दोन… तिला वाटलं, संपलं.

“नाही,” तो म्हणाला.

एवढंच! नाही. चहा हवा का, नाही. पिशवी देऊ का, नाही. तसलं नाही. त्याचा हात गिअरवरून उचलला गेला, तिच्या हाताच्या दिशेनं आला, आणि चार बोटांच्या अंतरावर येऊन थांबला. तिनं पाहिलं. त्यानं पाहिलं की तिनं पाहिलं. हात परत गेला. पाणी उतरायला दोन तास लागले, आणि दोघांनी त्या दोन तासांत फक्त हवामानावर चर्चा केली.

मे गेला, जून गेला. उन्हानं मस्कत भट्टी झालं. ती चिडली तरी तो भेटत होता, आणि तो भेटला की ती चिडत होती. आईनं पुण्याच्या सर्जनची तारीख घेऊन ठेवली, सप्टेंबरची अकरा. ऑगस्टच्या सोनोग्राफीत गाठ केसभर जरी वाढलेली दिसली, तरी जायचं, असं घरात ठरलं. देविका ‘बरं’ म्हणाली होती. तिलाही आता हे थांबणं नकोसं झालं होतं… गाठीचं, आणि त्याचंही.

“मी येऊ बरोबर?” जितेशनं विचारलं होतं.

“नको. तुझ्या साइटवर जा. मी एकटी जाईन.”

ती एकटी गेली. थंडगार खोलीत, मान मागे टाकून, छताकडे बघत पडून राहिली. गळ्यावर गार जेल, त्यावरून फिरणारं यंत्र. तंत्रज्ञ बाई एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा थांबली. बटणाचा टिक असा आवाज. पुन्हा टिक. देविकानं बारा टिक मोजले.

अर्ध्या तासानं कागद हातात आला. तिनं एकच आकडा शोधला. सात.

सहा नव्हे. सात.

कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर ती बसली. डॉक्टर जोहरांनी बोलावायला अजून वेळ होता. तिनं जितेशला एका शब्दाचा मेसेज पाठवला, ‘सात’, आणि फोन पर्समध्ये टाकला.

अमेरातहून हॉस्पिटलला यायला एरवी पाऊण तास लागतो. तो पंचवीस मिनिटांत आला. साइटचे बूट सिमेंटनं माखलेले, डोक्यावर हेल्मेट तसंच. काढायचं राहून गेलं होतं. रिसेप्शनवरची अमरीन उठून उभी राहिली, तिला वाटलं, इमारतीचंच काहीतरी झालं.

“काढून टाक,” तो धापा टाकत म्हणाला. “देविका, काढून टाक ते. सप्टेंबर कशाला? आज विचारू. उद्या. इथेच करू, नाहीतर आजच्या फ्लाइटनं पुण्याला —”

“जितेश, बस आधी.”

“बसत नाही! एक मिलिमीटर सहा महिन्यांत, म्हणजे वर्षाला दोन, म्हणजे…” त्यानं खिशातून एक कागद काढला. चारदा घडी घातलेला, घामानं ओला. त्यावर बारीक अक्षरांत प्रश्न होते. पहिला, दुसरा, सतरावा… “मी डॉक्टरांना विचारायला लिहून ठेवलेत.”

“कधी लिहिलेस?”

“मार्चपासून.”

देविका त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात दार उघडून जोहरांनी दोघांना आत बोलावलं. जितेशनं बसायच्या आधीच पहिला प्रश्न विचारला. मग दुसरा. जोहरांनी चष्म्यावरून पाहिलं. “पेशंट कौन है?”

“मैं हूँ, डॉक्टर,” देविका म्हणाली. “लगता नहीं, पर मैं ही हूँ.”

जोहरा हसल्या. मग कागदावर दोन्ही आकडे लिहून त्यांनी समजावलं. एक मिलिमीटरचा फरक हा फरक नव्हे. यंत्र जरा तिरकं धरलं, तरी एवढं इकडचं तिकडे होतं. तीन मिलिमीटर वाढली, किंवा गळ्यातल्या ग्रंथींत काही दिसलं, तर त्या स्वतःच म्हणतील, चला, काढू. आज तसं काही नाही. “तुम्हें काटना है तो काट देंगे, वो भी ग़लत नहीं है. मगर डर के मत काटो. फ़ैसला तुम्हारा.”

सहा महिने जो प्रश्न देविकाच्या गळ्याशी बसला होता, तो आता टेबलावर होता, आणि तिला कळलं की उत्तर तिच्याकडे तयार आहे. “फरवरी में आती हूँ,” ती म्हणाली. “सोनोग्राफी के लिए.”

“फेब्रुवारी!” जितेश जवळजवळ ओरडला.

बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं, तिथे तिनं त्याला थांबवलं. हेल्मेट स्वतःच्या हातानं काढलं. केस घामानं चिकटलेले, डोळ्यांखाली काळं.

“तूच म्हणायचास ना, नुसतं बघत राहायचं?”

“म्हणायचो.”

“मग?”

“भिंतीचं म्हणत होतो.” त्याचा आवाज फाटला. “भिंतीवर माझं प्रेम नसतं, देविका. मला सहा महिने झोप नाही. मी रोज रात्री ते वाचतो, जपानमध्ये काय केलं, कोरियात काय केलं… तुला सांगितलं असतं, तर तू आणखी घाबरली असतीस. म्हणून तुझ्यासमोर शांत बसायचो. आणि त्या दिवशी गाडीत तू विचारलंस… तोंड उघडलं असतं ना, तर रडलोच असतो. म्हणून नुसतं नाही म्हणालो.”

देविकाला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. दया करणारा माणूस असा दिसत नाही. असा सिमेंटच्या बुटांनी हॉस्पिटलात धावत येत नाही. हा तर साफ बुडालेला होता!

या वेळी चार बोटांचं अंतर तिनंच मोडलं. त्याचा हात धरला. तो गरम होता.

“घरी माहीत आहे, चिपळूणला?”

“जूनमध्ये सांगितलं. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, तिचं पत्रिकेतलं नाव काय, महादेवाला अभिषेक करते.”

“मग ऐक. गाठीला फेब्रुवारी, आणि मग पुढचा ऑगस्ट. तिला मी देईन वेळ, मला जमेल. पण तिच्यापायी मी दुसरं काहीच थांबवणार नाही. लग्न डिसेंबरात.”

“कुणाचं?” तो खुळ्यासारखा म्हणाला.

तिनं एका हातात त्याचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं घरी फोन लावला, आणि स्पीकरवर टाकला.

“आई, सात आलंय. म्हणजे काही नाही, तेवढं धरत नाहीत. ऑपरेशन करणार नाही, निदान आत्ता नाही. पुण्याची तारीख रद्द कर. आणि डिसेंबरात लग्न करतेय, जितेशशी.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आईचा आवाज आला, आधी करडा. “शुद्धीवर आहेस ना? कुठे आहे तो?”

“इथेच आहे. साइटवरून धावत आला. डॉक्टरांना सतरा प्रश्न विचारले. अजून नीट श्वास घेता येत नाहीये त्याला.”

मग एक लांब उसासा.

“जेवायला घेऊन ये त्याला,” सुरेखाताई म्हणाल्या. “किती घाबरला असेल गं, बिचारा.”

फोन बंद झाला. देविका जितेशकडे वळली. “ऐकलंस? आईला तुझी दया येतेय.”

“येऊ दे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे आणि ओठ एकदम हसले. “मला चालेल.”